लिहून घर चालवायचं तर

मराठीत लिहून घर चालतं का, असं विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा घरूनच आणलेलं असतं, आणि ते ‘नाही’ असतं. पुरावाही हाताशी असतो. ना. सी. फडके प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद, जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या माहिती कचेरीत. पगार एकीकडून, पुस्तकं दुसरीकडून. ही यादी वाढवत नेली की मराठी साहित्याचा इतिहास म्हणजे भविष्य निर्वाह निधीचाच इतिहास वाटू लागतो.

या यादीत न बसणारी माणसंही आहेत आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहायला हवं. ग. दि. माडगूळकरांनी दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांसाठी कधी कथा, कधी पटकथा-संवाद, कधी गीतं लिहिली. ‘गीतरामायण’ १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत या हिशेबाने सुरू झालं आणि छप्पन्न गीतं होईपर्यंत वर्षभर चाललं. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड एकदा ओळखीचे झाले की वाचक पुढच्या पुस्तकाची वाट पाहत बसे. विजय तेंडुलकर वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्यांतून नाटकाकडे आणि तिथून ‘सामना’, ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ अशा चित्रपटांच्या पटकथांकडे गेले. रत्नाकर मतकरींनी वीसेक वर्षं बँकेत काढून १९७८मध्ये नोकरी सोडली आणि पुढे पूर्णवेळ लेखन केलं. या चौघांच्या प्रतिभेची तुलना करण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट चौघांत दिसते. काम पुन्हा पुन्हा येत राहील अशी काहीतरी व्यवस्था त्यांच्या लेखनात होती, आणि ती बहुतेकदा एकाच ठिकाणावर अवलंबून नव्हती.

त्याही आधीचं उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं. ‘निबंधमाला’ १८७४मध्ये सुरू झाली तेव्हा ते सरकारी शिक्षक होते. ही नोकरी सुटण्याच्या आसपासच्या काळात त्यांनी काय काय उभं केलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं: चित्रशाळा, किताबखाना, आर्यभूषण छापखाना, न्यू इंग्लिश स्कूल. शाळेत आपण त्यांना ‘मराठी भाषेचे शिवाजी’ म्हणून शिकलो. छापणं आणि विकणं आपल्या हातात नसेल तर नुसत्या लिहिण्याला फारसा आधार नाही, हे ओळखलेला व्यवहारी माणूस म्हणून ते कुणी शिकवले नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मराठीत लिहून जगता येतं, पण ज्या लेखनासाठी आपल्याला लेखक म्हणून ओळखतात त्या लेखनावर क्वचितच. घर चालतं ते बहुतांशी नाव न छापल्या जाणाऱ्या कामावर, आणि तेच काम वर्षात किती वेळा परत येतं यावर. दर हा त्यानंतरचा प्रश्न. पुढचं सगळं पुस्तक याच म्हणण्याभोवती फिरतं.

आधी पुस्तकाचा हिशेब उरकून टाकू, कारण त्याविषयीच्या अपेक्षा सगळ्यांत भाबड्या असतात. समजा पुस्तकाची छापील किंमत २५० रुपये आहे, रॉयल्टी दहा टक्के आणि आवृत्ती हजार प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला २५,००० रुपये मिळतात. हजाराची आवृत्ती संपायला दोन वर्षं लागली तर महिन्याला जेमतेम हजार रुपये पडले. आता करारात ‘छापील किंमतीवर’ ऐवजी ‘निव्वळ विक्रीवर’ असे दोन शब्द असतील आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सवलत गेली असेल, तर दर प्रतीमागे पंचवीसऐवजी पंधरा रुपये हाती येतात. दोन शब्दांत दहा हजारांचा फरक. तरी हे दोन शब्द वाचून सही करणारा लेखक मला फारसा भेटत नाही. लेखक सहसा मुखपृष्ठावर वाद घालतो.

पुस्तक लिहू नये असा याचा अर्थ नाही. त्याची जागा वेगळी. नाशिकच्या एखाद्या कारखानदाराला आपलं आत्मचरित्र लिहवून घ्यायचं असतं तेव्हा तो लेखकाचं आधीचं पुस्तक मागवतो, उलटसुलट चाळतो, मागचा फोटो बघतो आणि मग फोन करतो. त्या फोनमधून येणारी रक्कम पुस्तकाच्या रॉयल्टीच्या कितीतरी पट असते. दिवाळी अंकाचंही तसंच. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. मे-जूनमध्ये मागणी येते, पाऊस सुरू असताना लेखक लिहून देतो, ऑक्टोबरात अंक हाती पडतो आणि मानधन? ते अंकाच्या जाहिरातींची वसुली झाल्यावर. सहकारी बँक आणि बिल्डर यांच्याकडून संपादकालाच पैसे संक्रांतीपर्यंत मिळत नाहीत, तेव्हा त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नसतो. वेळेवर आणि चांगले पैसे देणारे अंक आहेत, लेखकांना ते पाठही असतात. बाकीच्यांसाठी लिहावं, जरूर लिहावं, पण जमाखर्चाच्या वहीत ते प्रसिद्धीच्या खात्यावर मांडावं. ते पैसे धरून मुलाची फी ठरवू नये.

नाव न छापल्या जाणाऱ्या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, फक्त तिच्याविषयी कुणी बोलत नाही. शब्दांकन हा त्यातला राजरस्ता. गावोगावी असे लोक आहेत ज्यांचं आयुष्य सांगण्यासारखं आहे आणि ज्यांना ते लिहिता येत नाही किंवा वेळ नाही: एमआयडीसीत एका लेथ मशीनवर सुरुवात केलेला उद्योजक, साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष, चाळीस वर्षं एकाच तालुक्यात दवाखाना चालवलेल्या डॉक्टरीणबाई, निवृत्त पोलीस अधिकारी. पंचाहत्तरी जवळ आली की मुलं ठरवतात, बाबांचं पुस्तक करू. अलीकडे हे ठरवणारी मुलं पुष्कळदा न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये असतात आणि नातवंडांसाठी इंग्रजी आवृत्तीही हवी असते. म्हणजे लेखकाला दोन कामं.

हे काम कसं चालतं ते जवळून सांगतो, कारण बाहेरून ते सोपं दिसतं. पंचवीस-तीस तासांचं बोलणं रेकॉर्ड होतं. तासाभराचं बोलणं नीट उतरवून काढायला चार तास सहज जातात. दोघं एकदम बोलत असतील तर जास्त. आजोबा सन सांगतात, आजी स्वयंपाकघरातून ते दुरुस्त करतात, आणि बहुतेक वेळा आजींचंच बरोबर असतं, कारण त्या थोरल्याच्या जन्मावरून हिशेब लावतात. भागीदार सोडून गेला तो प्रसंग पहिल्या दिवशी दोन वाक्यांत संपतो, पाचव्या बैठकीत त्याला दीड तास लागतो, आणि मजकूर वाचायला दिला की धाकटी सून तो कापून टाका म्हणते. लेखक इथे पैसे घेतो ते भाषेचे कमी आणि या सगळ्यांतून मार्ग काढण्याचे जास्त.

म्हणून शब्दांकनाची रक्कम पानांवर ठरवू नये. पानं कमी झाली की काम वाढलेलं असतं. एकूण रक्कम ठरवून तिचे तीन हप्ते करावेत: एक काम सुरू करताना, एक पहिला खर्डा दिल्यावर, आणि तिसरा मजकूर छपाईला जाण्याआधी. ‘प्रकाशनाच्या दिवशी चेक देतो’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलेलं असलं तरी मान्य करू नये. प्रकाशन समारंभ मंत्रिमहोदयांच्या तारखेवर अवलंबून असतो. तारीख दोनदा पुढे जाते, मग आचारसंहिता लागते, मग पाऊस येतो. पुस्तकांचे गठ्ठे दिवाणखान्यात पडून असतात आणि लेखकाचा चेकही त्यांच्यासोबत पडून असतो. किती वेळा बदल करून मिळतील हेही कागदावर असावं. दोनदा ठीक. तिसऱ्यांदा घरातल्या आणखी कुणाला ‘एकदा वाचायचं’ असेल तर त्याचे पैसे वेगळे.

याच वाटेवर लहानमोठी पुष्कळ कामं आहेत. शतक पूर्ण करणाऱ्या शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, नगरसेवकाचा कार्यअहवाल, मानपत्र, संग्रहालयातल्या फलकांचा मजकूर, स्वयंसेवी संस्थेची प्रशिक्षण पुस्तिका, पुण्यातल्या गणेश मंडळांच्या जिवंत देखाव्यांच्या संहिता. देखाव्याची संहिता हा तर स्वतंत्र लेखनप्रकार मानायला हवा. गर्दी पुढे सरकत असते, पोरं खांद्यावर असतात, शेजारच्या मंडळाचा ढोल वाजत असतो, आणि दहा-बारा मिनिटांत आग्र्याहून सुटका व्हायची असते. तिथे एक जड वाक्य पडलं की माणूस पुढच्या मांडवाकडे वळतो. हे काम करणाऱ्यांना साहित्य संमेलनात व्यासपीठावर कुणी बसवत नाही, पण श्रोता कधी हलतो हे त्यांच्याइतकं थोड्याच जणांना कळतं.

या कामांचं वर्षाचं एक चक्र असतं आणि ते एकदा ध्यानात आलं की अर्धी चिंता कमी होते. देखाव्यांचं काम पावसाळ्याच्या सुरुवातीला येतं, संस्था आणि कंपन्यांचं काम मार्चअखेरच्या आधी उसळतं, कारण मंजूर झालेला निधी संपवायचा असतो, वार्षिक सभांचे अहवाल त्यानंतर. निवडणुका आल्या की प्रचारसाहित्याची झुंबड उडते आणि त्यात पैसे आगाऊच घ्यायचे असतात. निकालानंतर हरलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच जणांचे हात रिकामे राहतात. ते रिकामे राहणार हे जानेवारीत माहीत असलं, तर अनुवादासारखं लांब पल्ल्याचं काम तिथे बसवता येतं.

अनुवादावर आज सगळ्यांत जास्त मराठी लेखणी चालते, म्हणून दराचा हिशेब त्यावरच करून दाखवतो. समजा घराला महिन्याला ४०,००० रुपये लागतात आणि शब्दाला दीड रुपया मिळतो. म्हणजे महिन्याला साधारण २६,७०० शब्द. स्वतः वाचून, दुरुस्त करून, लाज वाटणार नाही असे दिवसाला १,५०० शब्द होतात असं धरू. अठरा दिवस झाले. उरलेल्या दिवसांत बिलं, फोन, नवं काम शोधणं, वाचन, आजारपण. जमतं, ओढाताण करून जमतं. आता दर साठ पैसे धरा. तेवढ्याच पैशांसाठी ६६,००० च्या वर शब्द लागतात, म्हणजे महिना चव्वेचाळीस दिवसांचा हवा. साठ पैशांचं काम नाकारायचं ते स्वाभिमानासाठी असं आपण समजतो. कॅलेंडरच ते नाकारत असतं. शिवाय हा सगळा हिशेब टीडीएस कापायच्या आधीचा. व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के कापून घेतले जातात ते विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतात, पण किराणा त्याआधी भरायचा असतो.

दर वाढतो तो विषय पक्का झाल्यावर. ‘कशाचाही अनुवाद करतो’ म्हणणाऱ्याला सगळ्यांत कमी पैसे मिळतात. शेतीची औषधं, म्युच्युअल फंड, वैद्यकीय संमतिपत्रं, न्यायालयीन कागद, यंत्रांच्या पुस्तिका यांतला एखादा कोपरा धरावा. हे कंटाळवाणं वाटेल. पण द्राक्षावरच्या डाऊनी आणि भुरीतला फरक ज्याला कळतो त्याच्याकडे औषध कंपनी दर हंगामाला परत येते, कारण चुकीच्या मात्रेची चूक तिला परवडत नाही. गोव्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही सफाईने हाताळणाऱ्याला मोकळं बसावं लागत नाही, तेही याच कारणाने.

यंत्राविषयी बोलल्याशिवाय हा विषय आता पुढे जात नाही. २०१७मध्ये गूगलचं नवं भाषांतर तंत्र मराठीत आलं तेव्हा आपण त्याच्या चुका एकमेकांना पाठवून हसलो. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर हसू ओसरलं. एजन्सीचा नेहमीचा निरोप आता असा असतो: भाषांतर तयार आहे, फक्त नजरेखालून घाला; दर निम्मा. यात ‘फक्त’ हा सगळ्यांत महाग शब्द आहे. यंत्राची मराठी हल्ली व्याकरणात फारशी चुकत नाही, ती चुकते ते विश्वासाने. वाक्य गुळगुळीत असतं आणि आतला आकडा किंवा नकार हरवलेला असतो, आणि तो शोधायला मूळ मजकूर ओळीओळीने ताडून पाहावा लागतो. अशा कामाला शब्दाचा दर लावू नये, तासाचा लावावा, आणि आधी पाच पानं करून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघावं. माझा अंदाज असा की सरधोपट मजकुराचं काम झपाट्याने आटत जाईल. शब्दांकनाचं इतक्यात नाही. आजींनी स्वयंपाकघरातून केलेली दुरुस्ती ऐकायला कुणीतरी घरात बसलेलं लागतं.

मालिका आणि पडद्यासाठीचं लेखन हे वेगळं जग आहे आणि तिथे पैसे दिसतात तसे नसतात. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद पुष्कळदा वेगवेगळे लोक लिहितात. पैसे भागावर ठरतात, आणि भाग प्रसारित झाल्यावर नव्वद दिवसांनी चेक हा तिथला सर्रास रिवाज. म्हणजे रोज लिहिणाऱ्या माणसाला पहिली कमाई चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसते आणि तोवर तो उसनवारीवर रोज लिहीत असतो. वाहिनीने कथानक फिरवलं की लिहून ठेवलेले भाग रद्दीत जातात. त्यांचे पैसे मिळतील की नाही हे करारात पाहायचं. टीआरपी पडला की मालिका आठवडाभराच्या सूचनेवर आटोपते. तरुण लेखकांना माझा सल्ला असतो की मालिका जरूर घ्यावी, पण ती चालू असताना खर्च वाढवू नये आणि जुना एखादा तरी नेहमीचा ग्राहक सांभाळावा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन संहिता नोंदवून ठेवावी. कल्पना चोरीला गेल्याची तक्रार करणाऱ्यांकडे ती कधी कुणाला सांगितली याचा कागद क्वचितच असतो.

कागदाचा विषय निघालाच आहे तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यातली दोनचार कलमं प्रत्येक लेखकाने तोंडपाठ करावीत असं मला मनापासून वाटतं. आपण कुणाचे नोकर नसू तर लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक आपण असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सही करून द्यावे लागतात. फोनवरच्या ‘हो हो, घ्या ना’ने हस्तांतर होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं ठरलेलं नसेल तिथे ते परत येतात. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. त्यामुळेच काही करारांत ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर’ अशी ओळ इतक्या काळजीने घातलेली असते.

२०१२च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर दिलेल्या हक्कांत येत नाही. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांना श्रोता मिळाला आणि जुन्या पुस्तकांचे करार कपाटांतून बाहेर निघाले. त्यांत ऐकण्याच्या हक्काचा उल्लेख नसेल, तर पुस्तक कानावाटे विकण्याविषयी बोलायला लेखक किंवा त्याचे वारस मोकळे असण्याची शक्यता मोठी. दुसरी गोष्ट गीतकार आणि पटकथाकारांची: चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार टिकत नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर भांडले. त्यासाठी निर्माते त्यांच्यावर रुसलेही. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हा हक्क चालतो. आईबापांच्या गाण्यांचे पैसे आयपीआरएस या संस्थेकडून मिळू शकतात हे ठाऊक नसलेली मुलं आजही असतील, म्हणून या पुस्तकात वारसांसाठी एक छोटं प्रकरण आहे.

हक्क कळले तरी वसुली उरतेच. मराठी माणूस पैसे मागताना आधी तब्येतीची चौकशी करतो, मग पावसाची, आणि फोन ठेवताना ‘ते जरा बघा ना’ म्हणतो. ‘ते’ म्हणजे काय हे समोरच्याला कळतं, पण त्याने ते न कळल्यासारखं करायची सोय आपणच करून देतो. त्यापेक्षा बिल बरं. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, बँक खातं आणि देय तारीख. शिवाय उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत होते, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा सेवेचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ.

या व्याजासाठी कुणी लेखक सहसा या कायद्याखालच्या परिषदेकडे दाद मागायला जात नाही. कायद्याचा खरा उपयोग २०२३च्या वित्त कायद्यातल्या दुरुस्तीने वाढला: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कंपनीचा लेखापाल स्वतःहून फोन करून विचारतो, तुमचं काही राहिलंय का? ज्यांनी हा फोन घेतला आहे त्यांना बिलावरच्या एका क्रमांकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

बाकी पैशांच्या गोष्टी सगळ्याच स्वतंत्र व्यावसायिकांना लागू आहेत, म्हणून त्या पुस्तकात थोडक्यात आटोपल्या आहेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, आरोग्य विमा नोकरी सोडण्याच्या आधी घ्यावा, पीपीएफचं खातं असावं. घरकर्ज मागायला गेलं की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, तेव्हा कर वाचवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवणाऱ्याला घरही तितकंच लहान मिळतं. सेवांची उलाढाल वीस लाखांच्या वर जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठावा. ही अडचण आली तर पेढे वाटायला हरकत नाही. आणि आणखी एक: वर्षाच्या उत्पन्नात एका ग्राहकाचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ लागला तर ती नोकरी आहे, फक्त रजा आणि ग्रॅच्युइटी नसलेली. अशा वेळी दुसरं काम शोधायला लागावं, तेही पहिलं सुरळीत चालू असतानाच.

यात आपलं स्वतःचं लेखन कुठे बसतं, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. शांता शेळके ‘नवयुग’ साप्ताहिकात होत्या, महाविद्यालयांत शिकवत होत्या, गाणी लिहीत होत्या, सदरं लिहीत होत्या, ‘चौघीजणी’सारखे अनुवाद करत होत्या आणि कविताही लिहीत होत्या. पोटासाठीच्या लेखनाने कविता मेली असं त्यांच्याबाबतीत कुणी म्हणणार नाही. उलट, गाण्याच्या मीटरमध्ये शब्द बसवण्याचा आणि दुसऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत वळवण्याचा सराव हाताला काहीतरी देतोच. मात्र सगळ्यांना हे झेपत नाही, हेही खरं. दिवसभर शेअर बाजारावर लिहून रात्री कादंबरी लिहिणारे मी पाहिले आहेत, तशी कादंबरी कायमची फडताळात गेलेलेही पाहिले आहेत. कुणाला सकाळचे दोन तास राखून ठेवणं जमतं, कुणाला वर्षातले दोन महिने. एप्रिल-मेच्या रिकाम्या हातांचा उल्लेख वर आलाच आहे. काही जण तिथे अनुवाद न बसवता कादंबरी बसवतात आणि जानेवारीपासून त्यासाठी पैसे साठवतात.

कथा कशी लिहावी, सदराला विषय कसे सुचतात, यासाठी हे पुस्तक नाही. दरांचे तक्तेही मुद्दाम दिलेले नाहीत, कारण छापून येईपर्यंत ते शिळे होतात आणि छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या कंपनीचा दर रत्नागिरीच्या संस्थेला लावून काही हाती लागत नाही. त्याऐवजी शेवटी एक कोरा तक्ता आहे: काम, ग्राहक, लागलेले तास, बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख, आणि हक्क कुणाकडे राहिले. तो तीन महिने प्रामाणिकपणे भरावा आणि मगच सहावं प्रकरण उघडावं, असं मी सुचवेन. ते प्रकरण दर वाढवून मागण्याविषयी आहे, आणि आपला एक तास सध्या कितीला जातोय हे ज्याला ठाऊक नसतं तो समोरच्याच्या गाडीकडे बघून आकडा सांगतो.